पॉझिटिव्ह म्हणजे काय रे भाऊ?

एक सांगा, तुमच्या मोबाइलमध्ये सध्या पॅथॉलॉजी रिपोर्टांच्या किती पीडीएफ पडून आहेत? माझ्याकडे सहा. दोन माझ्या, तीन आईच्या आणि एक रूममेटची. आपल्या पिढीची ही गंमतच आहे. सकाळी सात वाजता रक्त घ्यायला मुलगा दारात हजर, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर. या सगळ्यात डॉक्टर कुठे आहे? तो नंतर, जमलं तर. आधी आपण, मग गूगल, आणि रिपोर्टातली ती ठळक अक्षरांतली ओळ.

शुगर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिनपर्यंत ठीक चालतं. आकडा कुठे असायला हवा आणि कुठे आहे, एवढं आपल्यालाही कळतं. खरी गोची होते ती ऑटोइम्यून टेस्टच्या बाबतीत. तिथे आकड्याऐवजी ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द येतो, आणि कोविडनंतर त्या शब्दाचा आपल्या डोक्यात एकच अर्थ पक्का बसलाय. पॉझिटिव्ह म्हणजे झालंय!

माझ्या रूममेटचं तेच झालं. वय सत्तावीस, हिंजवडीत नोकरी, तब्येत ठणठणीत. ऑफिसच्या डिस्काउंटमध्ये बायकांसाठीचं एक ‘वेलनेस पॅकेज’ मिळत होतं, ते तिनं घेतलं. त्यात एएनए नावाची टेस्ट होती. रिपोर्ट आला, ‘एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड’. रात्री साडेअकराला तिनं गूगल केलं आणि साडेबाराला मला उठवलं. लूपस, स्क्लेरोडर्मा, किडनी फेल्युअर, गर्भपात... एक तासात तिला हे सगळं होऊन गेलं होतं. आणि डिसेंबरमध्ये साखरपुडा. गावी फोन केला तर आईचं पहिलं वाक्य, “हे बघ, तिकडच्या लोकांना इतक्यात काही सांगू नकोस.”

लपवायचं काय आणि सांगायचं काय, हे ठरवायला आधी मुळात झालंय काय ते कळायला हवं. म्हणून हा लेख.

तर, फंडा असा. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे आपल्या सोसायटीचा वॉचमन. बाहेरचा माणूस दिसला की अडवायचा, हे त्याचं काम. ऑटोइम्यून आजारात वॉचमन चोर सोडून फ्लॅटमालकांनाच धरायला लागतो. अँटीबॉडी ही त्याच्या वहीतली नोंद समजा, अमुक माणसावर नजर ठेवायची अशी. आता वहीत एखाद्या फ्लॅटमालकाचं नाव सापडलं, तर त्यावरून वॉचमनचं जरा बिनसलंय असं म्हणता येईल. पण मारामारी झालीय का? ते वहीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी जिन्यात जाऊन बघावं लागतं.

एएनए म्हणजे अँटीन्यूक्लिअर अँटीबॉडी, पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या नोंदी. टेस्ट कशी करतात ते मी मुद्दाम एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टच्या लॅबमध्ये जाऊन बघितलं, आणि खरं सांगते, बघायला सुंदर आहे. काचेच्या स्लाइडवर ‘हेप-२’ नावाच्या माणसाच्याच पेशी वाढवलेल्या असतात. त्यावर तुमच्या रक्तातला पिवळसर पातळ भाग, म्हणजे सीरम, टाकतात. तुमच्या अँटीबॉडी त्या पेशींच्या केंद्रकाला जाऊन चिकटल्या तर त्यांच्यावर एक चमकणारा रंग चढवतात. मग अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. केंद्रकं हिरवी चमकतात. कधी अख्खं केंद्रक सारखं उजळतं, कधी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे कण दिसतात. ते ठिपके म्हणजेच ‘स्पेकल्ड’. रूममेटला तो शब्द आजाराचं नाव वाटला होता. ते फक्त डिझाइन आहे.

आणि १:८०? ताकात पाणी घालत जाऊन कितव्या ग्लासापर्यंत ताकाची चव लागते ते बघावं, तसा हा प्रकार. सीरम चाळीस पट पातळ केलं, चमक दिसली. ऐंशी पट केलं, अजून दिसली. एकशे साठ पट केलं, गायब. मग रिपोर्ट १:८०. म्हणजे मागचा आकडा जितका मोठा, तितक्या अँटीबॉडी जास्त. १:६४० किंवा १:१२८० आलं तर डॉक्टर भुवई उंचावतात. १:८० हा उंबरठा आहे. बरं, ही चमक बघणारा डोळा बहुतेक वेळा माणसाचाच. त्यामुळे एकच रक्त दोन लॅबमध्ये दिलं आणि एकीनं १:८० सांगितलं, दुसरीनं १:१६०, तर दोघींपैकी कुणी चुकलंच असं नाही. एका पायरीचा फरक सहज पडतो. काही लॅब तर ही स्लाइडवाली पद्धत न वापरता एलिसा नावाच्या मशिनी पद्धतीनं एएनए करतात. ती स्वस्त आणि झटपट असते. पण अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं २००९ मध्येच सांगून ठेवलंय की पक्की पद्धत म्हणजे स्लाइडवाली. रिपोर्टावर कुठली पद्धत लिहिलीय, ते तेवढं बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. १९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा लॅबनी मिळून एक साधं काम केलं. धडधाकट माणसांचं रक्त घेतलं आणि एएनए बघितलं. १:४० ला जवळजवळ ३२ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह! १:८० ला १३ टक्के. १:१६० ला ५ टक्के. आणि १:३२० ला सुद्धा ३ टक्के. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर शंभर जण बसत असतील, तर त्यातले दहा-बारा जण रूममेटसारखेच १:८० वाले निघू शकतात. त्यांनी टेस्ट केलेली नाही म्हणून ते आत्ता कॅन्टीनमध्ये निवांत मिसळ खातायत.

गणित करून बघू. समजा, एक लाख लोकांचं एएनए सरसकट केलं. त्यात लूपसचे पन्नास पेशंट आहेत असं धरू (आकडा मी मुद्दाम सढळ हातानं धरलाय). हे पन्नासही पॉझिटिव्ह येतील, कारण लूपसमध्ये एएनए जवळजवळ कायम पॉझिटिव्ह असतं. पण १:१६० चा निकष लावला तरी पाच टक्क्यांच्या हिशेबानं पाच हजार निरोगी माणसंसुद्धा पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्हचा शिक्का बसलेल्या शंभरातला आजारी एक. बाकीचे नव्व्याण्णव रात्री साडेबाराला रूममेटला उठवणार. म्हणूनच कुठलीही तक्रार नसताना पॅकेजमध्ये एएनए घालणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

हीच टेस्ट योग्य माणसावर केली की चित्र पालटतं. गालांवर उन्हानं वाढणारं पुरळ, सुजलेले सांधे, सारखं तोंड येणं, लघवीतून प्रोटीन जाणं, अशी बाई समोर असेल तर तिथे एएनए फार मोलाचं आहे. ते निगेटिव्ह आलं तर लूपस जवळजवळ बाद. २०१९ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या रुमॅटॉलॉजी संघटनांनी लूपसचे नवे निकष ठरवले, त्यात एएनए किमान १:८० पॉझिटिव्ह असणं ही पहिली अट आहे. पण ती अट म्हणजे आत शिरायचं तिकीट. आत गेल्यावर पुरळ, सांधे, किडनी, रक्तपेशी असे वेगवेगळे मार्क मिळवावे लागतात. नुसत्या तिकिटावर कुणाला लूपस होत नाही.

‘हाऊस’ ही टीव्ही सिरीज आठवते? २००४ ते २०१२. दर दुसऱ्या एपिसोडला कुणीतरी लूपसची शंका काढायचं आणि डॉ. हाऊस ती उडवून लावायचे. इंटरनेटवर त्याचा अखंड चालणारा जोक झाला. जोक बाजूला ठेवा, पण त्यातली आधी पेशंट बघायची, त्याला प्रश्न विचारायची सवय अगदी बरोबर होती.

रूममेटला घेऊन मी रुमॅटॉलॉजिस्टकडे गेले, तेव्हा बाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. मग वीस मिनिटं नुसते प्रश्न. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? किती वेळ? उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर काही उठतं का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? डोळे, तोंड कोरडं पडतं का? केस पुंजक्यानं जातात का? घरात कुणाला थायरॉइड, आमवात? कुठल्या गोळ्या चालू? पिंपल्ससाठी मिनोसायक्लिन घेतली होती का? टीबीची ट्रीटमेंट झालीय का? (टीबीसाठीची आयसोनियाझिड आणि पिंपल्ससाठीची मिनोसायक्लिन, दोन्हींनी एएनए पॉझिटिव्ह होऊ शकतं. आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा.) रूममेटची सगळी उत्तरं ‘नाही’ अशी आली. फक्त आईला थायरॉइड आहे एवढं निघालं. ऑटोइम्यून आजाराच्या पेशंटच्या नातेवाइकांतही एएनए पॉझिटिव्ह जास्त सापडतं, ते डॉक्टरांनी तिथेच सांगितलं. मग बीपी, सीबीसी, क्रिएटिनिन आणि साधी लघवीची तपासणी. सगळं नॉर्मल.

“मग मला काय झालंय?” रूममेट.

“तुम्हाला एक रिपोर्ट झालाय,” डॉक्टर म्हणाल्या. “त्रास काही झाला तर या. एएनए परत करू नका.”

परत का नाही? कारण एएनए हा काही ताप नाही, चढला की आजार वाढला आणि उतरला की बरा झाला म्हणायला. लूपसच्या पक्क्या पेशंटमध्येही आजार किती जोरात आहे ते एएनएवरून कळत नाही. दर सहा महिन्यांनी ते करत बसणं म्हणजे लॅबचा गल्ला भरणं.

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. अमेरिकन लष्करात सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवून ठेवतात. त्यातल्या ज्या १३० जणांना पुढे लूपस झाला, त्यांचे जुने नमुने संशोधकांनी बाहेर काढले. ११५ जणांच्या रक्तात आजार ओळखला जाण्याच्या आधीच कुठली ना कुठली अँटीबॉडी होती, सरासरी तीन वर्षं आधीपासून, काहींत नऊ वर्षांहून आधी. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. म्हणजे वॉचमनच्या वहीत नोंदी आधी होतात, मारामारी नंतर. पण याचा उलटा अर्थ काढायचा नाही. आजारी पडलेल्यांच्या वहीत आधीपासून नोंदी होत्या हे खरं, पण नोंदी असलेल्या बहुतेकांच्या जिन्यात कधीच काही घडत नाही हेही तितकंच खरं. ‘काही नाही’ आणि ‘लक्ष ठेवा’ ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. आपल्या पिढीला हेच जड जातं. आम्हाला यस किंवा नो पाहिजे.

एएनएच्या पुढची पायरी म्हणजे नेमक्या अँटीबॉडी. डबल स्ट्रँडेड डीएनए, एस-एम, रो, ला, सेंट्रोमिअर अशी ती यादी. (रो, ला आणि एस-एम ही नावं सायन्सची वाटतात ना? ज्या पेशंटांच्या रक्तात त्या पहिल्यांदा ठळक दिसल्या त्यांच्या नावांतली ती अक्षरं आहेत.) डीएनएवाली आणि एस-एम या लूपसच्या बाजूनं ठाम बोलतात. डीएनएवाली तर आजाराच्या चढउतारासोबत बऱ्याच पेशंटांत वरखाली होते, म्हणून ती परत परत करण्यात अर्थ आहे. रो ही मूल होण्याच्या वयातल्या बाईनं माहीत करून घ्यावी अशी. आईच्या रक्तात रो असेल तर शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो, म्हणून गरोदरपणात डॉक्टर बाळाच्या हृदयाकडे जास्त लक्ष देतात. पण हे अख्खं पॅनेल खिशाला जड असतं. एएनए पॉझिटिव्ह नसताना आणि आजाराची शंकाही नसताना ते करू नका, असं अमेरिकन रुमॅटॉलॉजी कॉलेजनं २०१३ मध्ये डॉक्टरांनाच बजावलं होतं.

आणि सगळ्यात स्वस्त टेस्ट सगळ्यात दुर्लक्षित. लघवीची! लूपस किडनीवर जातो तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही. सेलेना गोमेझनं २०१५ मध्ये लूपस असल्याचं सांगितलं आणि २०१७ मध्ये तिला मैत्रिणीची किडनी बसवावी लागली. लघवीत प्रोटीन दिसतंय का, ही साधी चाचणी किडनीची कुरबुर फार आधी सांगते. पण तिचं रिपोर्टात ग्लॅमर नाही. डबी भरून द्यायलाही आपण लाजतो.

आता उलट बाजूची गोष्ट. माझी मावसबहीण, ठाण्याला बँकेत, वय एकतीस. सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं अशी आखडायची की स्कूटीचा ब्रेक दाबता यायचा नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला नवऱ्याला हाक. एका डॉक्टरांनी ‘आरए टेस्ट’ लिहून दिली, ती निगेटिव्ह आली. “संधिवात नाही, टेन्शन घेऊ नका,” म्हणून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पेनकिलर. आठ महिने. नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून ती रुमॅटॉलॉजिस्टकडे गेली. त्यांनी बोटांचा एकेक सांधा दाबून बघितला आणि अँटी-सीसीपी करायला सांगितली. ती भरपूर पॉझिटिव्ह. एक्स-रेत एका सांध्याच्या कडेला हाड खाल्ल्याची बारीक खूणही दिसली. आमवात.

आरए टेस्ट म्हणजे रुमॅटॉइड फॅक्टर. हा प्रकार भारी आहे. ही अँटीबॉडी आपल्याच अँटीबॉडीविरुद्ध असते, म्हणजे वॉचमननं वॉचमनलाच पकडलं! नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये तिची नोंद केली. आमवाताच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के पेशंटांत ती सापडते. म्हणजे दर दहांत दोन-तीन जण आजार असूनही निगेटिव्ह. आणि उलटही. हिपॅटायटिस सी, टीबी किंवा नुसतं म्हातारपण, यातही ती पॉझिटिव्ह दिसते. अँटी-सीसीपी नंतर आली. ती पॉझिटिव्ह असेल तर आमवाताबद्दलची खात्री बरीच जास्त. पण दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांच्या बोटांना जाणवलेली सूज लॅबपेक्षा मोठी.

बहीण आता आठवड्यातून एकदा, फक्त एकदाच, मेथोट्रेक्सेट घेते, सोबत फॉलिक अॅसिड. बरणी स्वतः उघडते. बाळाचा विचार करायचा झाला तर ही गोळी आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागेल, ते तिला माहीत आहे. हाडावरची ती खूण मात्र भरून येणार नाही. आमवातात पहिले काही महिने सोन्याचे असतात आणि तिचे त्या एका ‘निगेटिव्ह’ शब्दानं खाल्ले. म्हणून एएनएवाल्यांना ‘घाबरू नका’ म्हणते त्याच तोंडानं सांगते, सहा आठवड्यांहून जास्त दिवस सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लावा आणि तरीही रुमॅटॉलॉजिस्ट गाठा.

प्रत्येक दुखरा सांधा आमवाताचा नसतो, हे तितकंच महत्त्वाचं. भिगवण आठवतंय? आपण विकेंडला फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो ते. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमनं तिथे घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना सांधे-स्नायूंच्या दुखण्याबद्दल विचारलं. साधारण १८ टक्क्यांना काही ना काही दुखत होतं. आमवात निघाला अर्ध्या टक्क्याला. बाकीची दुखणी कष्टाची, झिजेची, बिननावाची. त्यात आपल्याकडे चिकुनगुनिया. २००६ च्या साथीत महाराष्ट्रानं ते भोगलंय. ताप गेला तरी सांधे महिनोन् महिने धरून बसतात आणि दिसायला आमवातासारखेच दिसतात. डॉक्टरांना ‘दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप आला होता’ हे सांगायला विसरलात तर सगळी शोधाशोध चुकीच्या गल्लीत जाते.

ईएसआर आणि सीआरपी या दोन टेस्ट रिपोर्टात कायम दिसतात, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच त्या सांगतात. कुठे, कशामुळे, ते नाही. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवलं तर तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात. शंभर वर्षांहून जुनी पद्धत. हिमोग्लोबिन कमी असलं, वय वाढलं, गरोदरपण असलं तरी ईएसआर चढतो. आपल्याकडच्या मुलींचं हिमोग्लोबिन बघता नुसत्या ‘ईएसआर ३०’ वर झोप उडवून घेऊ नये.

थायरॉइड मात्र जवळचा विषय. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या मुली प्रत्येक ऑफिसात आहेत. ही अँटीबॉडी सांगते की थायरॉइडवर वॉचमनची नजर आहे. गोळी सुरू करायची की नाही ते मुख्यतः टीएसएच आणि टी-फोरवर ठरतं. टीपीओ ५०० वरून ३०० वर आलं म्हणून पार्टी करू नका, तिकडे कुणी बघत नाही. आणि केस, नखं छान व्हावीत म्हणून बायोटिनच्या गोळ्या किंवा त्या गोड गमीज खाताय? बऱ्याच लॅबच्या मशिनी बायोटिनवरच चालणारी केमिस्ट्री वापरतात. रक्तात बायोटिन भरमसाट असलं की काही टेस्ट खोट्या वर जातात, काही खोट्या खाली. थायरॉइड तर नसलेला आजार असल्यासारखा दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते लॅबला विचारा, आणि डॉक्टरांना सांगा. “त्या काय, व्हिटॅमिनच्या तर आहेत” म्हणून गाळू नका.

डेस्कवर बसून कंबर धरणाऱ्या मुलांसाठी एचएलए-बी२७. ही अँटीबॉडी नव्हे, हा जीन आहे. जन्मापासून असतो, मरेपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे आयुष्यात एकदाच करायची टेस्ट. तो असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखतेय, बसून-झोपून वाढते, चालल्यावर-व्यायामानं कमी होते, पहाटे दुखण्यानं जाग येते, आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर मात्र ‘खुर्ची बदलून बघतो’ म्हणत वर्षं घालवू नका.

गव्हाची अॅलर्जी वाटते म्हणून आधीच ग्लूटेन-फ्री झालेल्यांना एकच वाक्य. सिलिअॅकची टीटीजी टेस्ट गहू खात असतानाच करायची असते. पोळी बंद केल्यावर महिन्यांनी केलीत तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

रूममेटनं साखरपुड्याच्या आधी मुलाला सगळं सांगितलं. रिपोर्ट दाखवला, डॉक्टर काय म्हणाल्या तेही. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, “माझ्या आईचं पण ते टीपीओ का काय ते पॉझिटिव्ह आहे. पंधरा वर्षं झाली. तिच्या डब्यात अजून पुरणपोळी असते.” तिच्या आईचा आजही आक्षेप आहे की सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, गरज होती. आजार म्हणून नव्हे. पुढे कुणाच्या तरी हाती ती पीडीएफ लागली असती आणि त्यानंही रात्री साडेअकराला गूगल केलं असतं, म्हणून.

रुमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीच असेल तर जाताना एवढं करा. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या, मोबाइलवर स्क्रोल करत बसू नका. चालू गोळ्यांची यादी न्या, पावडरी, गमीज, काढे सगळं धरून. बोटं आखडत असतील तर मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा, ‘बराच वेळ’ याचा डॉक्टरांना उपयोग नाही. आणि सकाळी सूज किंवा पुरळ दिसलं की लगेच फोटो काढा, चांगल्या उजेडात, दोन्ही हात शेजारी ठेवून. अपॉइंटमेंट हमखास दुपारची मिळते आणि तोवर सूज उतरलेली असते.